‘.३५७ घ्या, मेडल आणा’ म्हणे!

नाशिकच्या नेमबाजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. प्रॅक्टिकल शूटिंगसाठी, म्हणजे पळता पळता, घड्याळ लावून वेगवेगळ्या टार्गेटांवर झाडायच्या खेळासाठी, रिव्हॉल्वर कुठलं घ्यावं, याचा सल्ला. बोअर (नळीची आतली रुंदी) जितका दणकट तितके गुण जास्त, म्हणून .३५७ मॅग्नम या जोरदार जातीची फुल पॉवर काडतुसं घ्या. हलक्या गोळीने धक्का कमी बसतो. रिव्हॉल्वर कधी अडकत नाही. आणि बजेट नसेल तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्वरसुद्धा चालून जातं. लिहिणाऱ्याने आत्मविश्वासात कसर ठेवलेली नाही.

आधी गुणांचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये (गोळ्या तोलायचं छोटं माप), वेग सेकंदाला किती फूट ते, दोन्हींचा गुणाकार भागिले १०००. हा पॉवर फॅक्टर. अमेरिकेतली या खेळाची संघटना यूएसपीएसए, तिच्याकडे १२५ भरला की मायनर (हलका गट), १६५ भरला की मेजर (जड गट). आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससीत रिव्हॉल्वरला मेजरसाठी १७० लागतात. रेघ ओलांडली की विषय संपला, त्यापुढच्या जोराला अर्धा गुणही मिळत नाही. १५८ ग्रेनची गोळी १२५० फुटांनी सोडणारं .३५७ भरतं १९७. म्हणजे तीसेक आकडे नुसते मनगटाने सोसायचे, आणि तेवढ्या वेळात शेजारचा दुसरी गोळी झाडून मोकळा.

बरं, मेजरचा फायदा तरी केवढा? टार्गेटच्या मधल्या ‘ए’ भागात गोळी बसली तर दोघांनाही ५ गुण. बाहेरच्या ‘सी’ला मेजरचे ४, मायनरचे ३. ‘डी’ला २ आणि १. या गुणांना पुन्हा लागलेल्या वेळाने भागायचं. ज्याचा नेम मधोमध बसतो त्याला मेजरचं कौतुक फारसं नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे रीलोड, गोळ्या पुन्हा भरणं. यूएसपीएसएने २०१४ पासून आठ गोळ्यांचं सिलिंडर चालवून घेतलं, मात्र गुण मायनरचेच. तिथे एका जागेवरून आठपेक्षा जास्त गोळ्या लागतील अशी स्टेज (सामन्यातली एक फेरी) लावता येत नाही. सहा गोळ्यांच्या सिलिंडरवाल्याला त्यामुळे जागच्या जागी उभं राहून भरावं लागतं. आठवाला पुढच्या जागेकडे पळता पळता भरतो. म्हणून तिथले बरेच जण आठ गोळ्या आणि जेमतेम मायनर हेच गणित मांडतात. त्यासाठी काडतूस आखूड हवं. .३५७ची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) जवळपास ३३ मिलिमीटर लांब; रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या एजेक्टरचा दांडा पूर्ण दाबला तरी ती अर्धवट आत राहू शकते. ९ एमएमची किंवा .३८ शॉर्ट कोल्टची १९च्या आसपास. मून क्लिप या पातळ पत्र्याच्या चकतीत आठही एकत्र अडकवलेली, पुढे गोल नाकाची गोळी. सिलिंडरच्या तोंडाशी नेली की स्वतःच आत घसरतात. अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ साली सहा गोळ्या, रीलोड आणि पुन्हा सहा हे २.९९ सेकंदांत केलं, ते मॅग्नमने नव्हे, .४५ एसीपीच्या आखूड, जाड काडतुसांनी.

हलकी गोळी, कमी धक्का? पॉवर फॅक्टर तेवढाच ठेवायचा तर हलक्या गोळीला वेग जास्त लागतो, वेगाला दारू जास्त, आणि त्या दारूचा वायूही मागे ढकलतोच. १४७ ग्रेन, ८७० फूट म्हणजे १२८. हा धक्का मऊ, ढकलल्यासारखा लागतो. अगदी १२५वर मात्र थांबू नये. सामन्यात क्रोनोग्राफवर वेग मोजतात आणि १२५च्या खाली आलात तर गुणच धरत नाहीत.

‘कधी अडकत नाही’ हे वाक्य ज्याने एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या उचलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली अर्धवट जळलेल्या दारूचे कण पाहिलेत तो लिहिणार नाही. चिमूटभर कण पुरतात, सिलिंडर बंदच होत नाही. मून क्लिप जराशी वाकली तरी सिलिंडर फिरताना घासतं. शिवाय ट्रिगर हलका करण्यासाठी स्प्रिंग ढिली केली की प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी टोपी) कधी पेटतो, कधी नाही. फेडरल कंपनीच्या मऊ प्रायमरला तिथे एवढी मागणी उगाच नाही.

राहिलं .३२. ९८ ग्रेन, साधारण ७०० फूट, भरले ६९. मायनरच्या अर्ध्याला थोडं वर. पण तिथवर जायचीही गरज नाही, कारण आयपीएससीत गोळी किमान ९ एमएमची लागते. आणि ९ एमएम सर्व्हिस किंवा .४५ रिमलेस काडतूस चालवणारं हत्यार आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात मोडतं. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात, निफाड-दिंडोरीत राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा, मग कॅटलॉग उघडा. काडतुसं घरी भरायचा सल्ला कोणी दिला तर शस्त्र कायद्याचं कलम ५ दाखवा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं त्यात बसत नाही.

.३२ ला खेळात जागाच नाही असं मात्र नाही. आयएसएसएफ या जागतिक नेमबाजी संघटनेच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरचे बोअर चालतात आणि .३२ लाँग वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी) तिथलं जुनंजाणतं काडतूस आहे. फक्त ते नेमकेपणाने मारायच्या टार्गेट पिस्तुलासाठी. कानपूरच्या फिक्स्ड साइटवाल्या (नेमाची खूण हलवता न येणाऱ्या) रिव्हॉल्वरने तिथे उभं राहिलात तर ती हौस झाली.