‘पब्लिकच बेपर्वा’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रेन, मेट्रो, बस सगळीकडे वर्षानुवर्षं ‘संशयास्पद वस्तू दिसल्यास कळवा’ म्हणून कानीकपाळी ओरडतात, पोस्टर लावतात, तरी लोक मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, गर्दीत कोणी कोणासाठी पुढे येत नाही, बॉम्बवाले सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बॅगा घेऊन फिरतात आणि कोणी हूं की चूं करत नाही, म्हणून घोषणा दुप्पट करा, शंभरातले नव्याण्णव कॉल खोटे निघाले तरी चालतील, आणि जो बघूनही गप्प बसला त्याच्याकडून दंड घ्या. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘जागरूक नागरिक असाल तर पुढे पाठवा’.

यातलं अर्धं चूक आहे आणि उरलेलं अर्धं उलटं आहे. लोकांना दिसतं, बऱ्याचदा ते सांगतातही. गाडं अडतं ते पुढे, म्हणजे ज्याला सांगायचं तो कुठे असतो, ऐकून घेतो का आणि त्याच्या हातात काही असतं का, इथे. पण एक मुद्दा, एक उत्तर असंच घेऊ, नाहीतर परत कोणीतरी म्हणेल की मूळ मेसेज वाचलाच नाही.

‘लोक बघतच नाहीत’

20 मार्च 1995, टोकियोची सबवे, म्हणजे जमिनीखालची मेट्रो. सारिन नावाचं विषारी द्रव्य प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, वर वर्तमानपत्र गुंडाळून डब्यात जमिनीवर ठेवलं होतं आणि छत्रीच्या टोकाने भोकं पाडली होती. आता बघा, लोकांना दिसलं नाही का? दिसलं की. हिबिया लाईनवरच्या एका गाडीत प्रवाशांना ते गळणारं पुडकं दिसलं, वास आला, आणि कोडेनमाचो स्टेशन आल्यावर त्यांनी ते लाथेने बाहेर प्लॅटफॉर्मवर ढकललं. झालं काय, तर प्लॅटफॉर्मवर उभे असलेल्यांना विषबाधा झाली, आणि गाडी मात्र पुढे निघून गेली. कासुमिगासेकी स्टेशनवर कर्मचाऱ्यांनी पुडकं उचललं, सांडलेलं पुसून घेतलं, आणि त्यात कर्मचाऱ्यांचेच जीव गेले. या सगळ्यांना बेपर्वा म्हणायचं? त्यांनी बघितलं, लगेच हातपायही हलवले. फक्त हात लावू नका, लांब व्हा, गाडी थांबवा हे त्यांना आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. नुसतं ‘सावध राहा’ ऐकून माणूस सावध होतो, पण सावध होऊन करायचं काय ते त्याला त्यातून कळत नाही.

दुसरं उदाहरण सप्टेंबर 2016 मधलं, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ स्टेशनजवळचं. दोघांना कचऱ्याच्या डब्यावर एक बॅकपॅक सापडली, काही किमती असेल म्हणून त्यांनी उचलली, थोडं पुढे जाऊन उघडली तर आत वायर आणि पाइप, मग बॅग ठेवून त्यांनी पोलिसांना सांगितलं. आत स्फोटकं निघाली. हे दोघे काही पोस्टर वाचून बॅग शोधायला निघाले नव्हते, पण दिसल्यावर तोंड उघडलंच ना.

आणि काही वेळा दिसण्यासारखं काही नसतंच, हेही मान्य करा की. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, संध्याकाळच्या गर्दीत, फर्स्ट क्लासच्या डब्यांत. त्या वेळेला डब्यात शिरलेला माणूस बॅग रॅकवर टाकतो आणि रेटारेटीत स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतो. कुठली बॅग कोणाची, हे अशा डब्यात देवाला तरी सांगता येईल का? 7 जुलै 2005 ला लंडनमध्ये तर काही बेवारस नव्हतंच, स्फोटकं हल्लेखोरांच्या पाठीवरच्या बॅगेत होती आणि बाकीच्या प्रवाशांसारखेच तेही प्रवास करत होते. तिथे ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा सकाळपासून चालू ठेवली असती तरी काय फरक पडला असता.

‘गर्दीत कोणी पुढे येत नाही’

हे वाक्य लोकांना फार आवडतं, आणि त्याला 1968 च्या एका प्रयोगाचा आधारही देता येतो. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी 75 टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं, पण सोबत दोन माणसं मुद्दाम निवांत बसवली होती तेव्हा फक्त 10 टक्के उठले. झालं, तेव्हापासून ‘गर्दी म्हणजे बघे’ हे पक्कं बसलं.

पण पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, एक अभ्यास छापून आला तो कोणी फॉरवर्ड करत नाही, आणि तो तर थेट न्यूयॉर्कच्या सबवेत केलेला होता. चालत्या गाडीत एक माणूस ठरवून कोसळायचा, कधी हातात काठी घेतलेला आजारी माणूस म्हणून, कधी दारूचा वास मारणारा, हातात बाटली असलेला म्हणून. काठीवाल्याला 65 पैकी 62 वेळा प्रवाशांनी आपणहून उचललं. दारुड्याला 38 पैकी 19 वेळा, म्हणजे तिथेही अर्ध्या वेळा कोणीतरी उठलंच. आणि डब्यात माणसं जास्त होती म्हणून मदत कमी झाली असंही दिसलं नाही. त्यानंतर 2019 मध्ये ॲमस्टरडॅम, केपटाऊन आणि लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज तपासलं गेलं, तर दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी अनोळखी माणूस मध्ये पडला होता.

मग धुराच्या खोलीत काय झालं? माझ्या मते फरक साधा आहे. माणूस पडला हे सगळ्यांना एकाच वेळी कळतं. धूर म्हणजे आग आहे की नुसतीच वाफ, हे कळत नाही, मग आपण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, शेजारी आपल्या. सीटखालची बॅग ही त्या धुरासारखी असते. शंभर वेळा ती कोणाची तरी विसरलेली असते, आणि ‘ही कोणाची हो?’ विचारलं तर समोरचा म्हणतो ‘माझीच आहे, का?’, की आपण गप्प. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोण विचारायला जातंय. याला बेपर्वाई म्हणण्यापेक्षा संकोच म्हणा, आणि संकोचावर जोरात ओरडणं हा काही उपाय नाही.

‘बॉम्बवाले डोळ्यांदेखत फिरतात, कोणी बोलत नाही’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण याचं उत्तर एका सार्वजनिक चौकशीत कागदावर आलेलं आहे.

मँचेस्टर, 22 मे 2017. रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या अरेनाच्या, म्हणजे कॉन्सर्टच्या मोठ्या सभागृहाच्या, बाहेरच्या हॉलमध्ये आत्मघाती हल्ला झाला, 22 जण मेले. आता याच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर 2016 मध्ये, ब्रिटनच्या रेल्वेवर मोठी जागरूकता मोहीम सुरू झाली होती, दिसलं तर सांगा, बाकीचं आम्ही बघतो असा तिचा अर्थ, आणि तिच्यात रेल्वे पोलीसही होते. त्या हॉलच्या बंदोबस्ताची जबाबदारीही याच पोलिसांची. मग त्या रात्री पब्लिक झोपलं होतं का? नाही. कॉन्सर्टला गेलेल्या आपल्या मुलांना न्यायला आलेल्या पालकांपैकी एकाला मोठी बॅग घेऊन बसलेला तो माणूस खटकला. पालक त्याच्याशी जाऊन बोलले, बॅगेत काय आहे विचारलं, उत्तर पटलं नाही म्हणून सिक्युरिटीच्या पोरापाशी जाऊन सांगितलं. हे साधारण सव्वादहाला. स्फोट झाला 10 वाजून 31 मिनिटांनी. मधल्या पंधरा मिनिटांत काय झालं, तर त्या गार्डकडे रेडिओ नव्हता, त्याने काही वेळाने दुसऱ्या गार्डला सांगितलं, त्या दुसऱ्याने रेडिओवर प्रयत्न केला पण लागला नाही म्हणून सोडून दिला. आपण चुकलो तर लोक आपल्याला वंशद्वेषी म्हणतील ही भीती वाटली, असंही त्याने नंतर सांगितलं. आणि स्फोट झाला तेव्हा त्या हॉलमध्ये एकही पोलीस नव्हता. 2021 मध्ये चौकशीचा पहिला अहवाल आला त्यात हे सगळं आहे, आणि सांगायला आलेल्या पालकाचं म्हणणं गांभीर्याने घेतलं गेलं नाही हेही स्पष्ट लिहिलंय.

आता त्या फॉरवर्डवाल्यांनी सांगावं, यात पब्लिकने काय कमी केलं? बघितलं, खात्री केली, सांगितलं. यापेक्षा जास्त कुठलं पोस्टर मागतं? मोहिमेचा सगळा खर्च प्रवाशाच्या कानावर आणि ज्याला सांगायचं त्याच्याकडे साधा रेडिओ नाही. त्या गार्डच्या पोरांवर सगळं ढकलायलाही माझं मन होत नाही खरं तर, तरुण पोरं होती, कामाची नीट तालीम नाही, वर कोणाला विचारायचं तर लाईन लागत नाही.

‘घोषणा दुप्पट करा’

यावर फार लिहिण्यासारखं नाही. तेच वाक्य त्याच सुरात दर पाच मिनिटांनी वाजलं की कान ते गाळून टाकतो, हे रोज प्रवास करणाऱ्याला कोणी शिकवायला नको. ब्रिटनच्या सरकारने तर 2022 च्या सुरुवातीला जाहीर केलं की ट्रेनमधल्या बिनकामाच्या घोषणा कमी करा, लोक वैतागलेत. सुरक्षेची घोषणा त्यातही राहिलीच, पण ती ऐकू यायची तर बाजूचा कलकलाट कमी करावा लागतो, फॉरवर्ड म्हणतंय त्याच्या बरोबर उलट.

‘नव्याण्णव कॉल खोटे निघाले तरी चालतील’

बोलायला सोपं आहे. धरून चाला की एका मेट्रोत रोज दहा लाख लोक जातात आणि त्यातल्या दहा हजारांत एकालाच शंका येते. म्हणजे रोजचे शंभर कॉल. प्रत्येक कॉलला वीस मिनिटं प्लॅटफॉर्म रिकामा केला तर संध्याकाळपर्यंत मेट्रो चालणारच नाही, आणि आठवड्याभरात कंट्रोल रूममधला माणूस कॉल उचलतानाच जांभई देईल. मग खरा कॉल आला की त्याचं काय होईल ते वर मँचेस्टरमध्ये बघितलंच.

न्यूयॉर्कच्या सबवेत या जातीची मोहीम 2002 पासून आहे, काही दिसलं तर काही बोला, ही मूळची तिथलीच, आणि 2010 पासून अमेरिकेच्या केंद्रीय सुरक्षा खात्यानेही तेच ब्रीद उचललं. तिथे एकदा पोस्टर लागले होते, गेल्या वर्षी 1,944 न्यूयॉर्ककरांनी काहीतरी बघितलं आणि सांगितलं. आकडा भारी वाटतो. पण सांगितल्यावर पुढे काय निघालं, ते पोस्टरवर नव्हतं. आलेल्या तक्रारींत एक प्रकार असाही होता की काही मुस्लिम माणसं हातातल्या काउंटरवर काहीतरी मोजतायत, प्रवासी मोजत असतील. पोलिसांनी जाऊन बघितलं तर ते जप मोजत होते. ‘संशयास्पद’ म्हणजे काय ते नीट सांगितलं नाही की लोक वस्तू सोडून माणसाचा चेहरा आणि कपडे बघायला लागतात, आणि जप करणाऱ्याला उगाच पोलिसांना तोंड द्यावं लागतं.

यावर उपाय नाही असं नाही. ब्रिटिश रेल्वेवर कर्मचाऱ्यांना बेवारस वस्तूसाठी तीन प्रश्न शिकवतात: मुद्दाम लपवून ठेवलीय का, वायर, बॅटरी, टेप असं उघड काही दिसतंय का, आणि अशी वस्तू या जागी एरवी दिसते का. बाकावर राहिलेली जेवणाची पिशवी या तीन प्रश्नांत सुटते, मशीनच्या मागे दडवलेली पिशवी सुटत नाही. प्रवाशांसाठी 61016 हा मेसेजचा नंबर आहे, म्हणजे डब्यात सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची गरज नाही, मान खाली घालून टाइप करा. (मोबाईलमधून मान वर न काढणारा प्रवासी इथे चक्क कामाला येतो!)

आणि एक मोहीम चाललीही, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. लंडनमध्ये 2015 मध्ये प्रवासात होणाऱ्या छेडछाडीबद्दल मोहीम झाली. नुसतं ‘सावध राहा’ नाही, तर नेमकं काय काय कळवता येतं, टक लावून बघणं, अंगाला घसटणं, हेही कळवता येतं, गुन्हा आहे की नाही हे तुम्ही सिद्ध करायचं नाही, आणि कळवल्यावर पुढे काय होतं, हे सगळं दाखवलं. तक्रारी वाढल्या. आता लगेच काही जण म्हणतात की बघा गुन्हे वाढले, पण आधी बायका गप्प बसायच्या त्या आता सांगायला लागल्या, म्हणून आकडा वाढला. याच शहरातले, याच गाड्यांतले, याच ‘बेपर्वा’ पब्लिकमधले लोक.

‘जो गप्प बसला त्याला दंड करा’

हा सगळ्यात टाळ्या घेणारा आणि सगळ्यात घातक मुद्दा. माणसाला बऱ्याचदा बघताना कळत नाही, नंतर कळतं. 11 मार्च 2004 ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत 10 बॉम्ब फुटले. त्या सकाळी अल्काला दे एनारेस स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या केअरटेकरला एका पांढऱ्या व्हॅनपाशी तोंडं झाकलेली तीन माणसं दिसली होती. थंडी आहे, असेल काहीतरी, असं वाटून तो आपल्या कामाला लागला. स्फोटांची बातमी आली तेव्हा त्याला ते आठवलं आणि त्याने जाऊन सांगितलं. त्या व्हॅनमध्ये डिटोनेटर सापडले, कुराणाच्या आयतींची कॅसेट सापडली, आणि सरकार ईटीए या स्पेनमधल्या बास्क फुटीरतावादी संघटनेकडे बोट दाखवत असताना तपासाला दुसरी दिशा मिळाली. आता या माणसाला आधी माहीत असतं की ‘बघितलं आणि वेळेवर कळवलं नाही’ म्हणून दंड होतो, तर तो नंतर पोलिसांकडे गेला असता का, हे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी सांगावं.