ती जादा तीस मिनिटं

शुक्रवारी एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची सर्टिफिकेट परीक्षा, पास झाले. ७६१. पासिंग ७२० ला असतं. पेढे वाटून झालेत, ही पोस्ट त्यासाठी नाही. मार्चमध्ये याच परीक्षेत ६९४ वर आपटले होते, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हा वेळच पुरला नाही. ६५ प्रश्न, १३० मिनिटं. शेवटच्या सात प्रश्नांना न वाचताच सगळीकडे 'सी' ठोकून आले. (निगेटिव्ह मार्किंग नाही, एवढं तरी डोकं चाललं.) अभ्यास झाला होता. अडकले ती वाचनात.

सरावातलं उदाहरण देते. खऱ्या पेपरातलं बाहेर सांगायचं नाही, हे कबूल करूनच बसावं लागतं. एका कंपनीला जुनी बिलं एस-थ्रीवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ऑनलाइन साठवणीत, ठेवायचीत. क्वचित उघडतात, खर्च कमीत कमी हवा. हात थेट डीप आर्काइव्ह या प्रकाराकडे जातो, सगळ्यात स्वस्त तेच. पण तिसऱ्या ओळीत एक 'इमीजिएटली' दडून बसलेला असतो. डीप आर्काइव्हमधून फाइल परत यायला बारा तास लागू शकतात. म्हणजे उत्तर ग्लेशिअर इन्स्टंट रिट्रीव्हल, त्यातून फाइल लगेच मिळते. दोन्ही मला पाठ होतं हो! फक्त तो एक शब्द दिसायला मला ती ओळ दोनदा वाचावी लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, तेही साताऱ्याकडच्या गावात. सोळा वर्षं इंग्रजीत मेल लिहितेय, मीटिंगा करतेय, तरी समोर घड्याळ पळायला लागलं की मी आधी मनात मराठी करते.

यावर सोय आहे. मातृभाषा इंग्रजी नसेल आणि पेपर इंग्रजीत देणार असाल तर तीस मिनिटं जादा मिळतात. फुकट. 'ईएसएल प्लस ३०' म्हणतात, ईएसएल म्हणजे इंग्लिश ही दुसरी भाषा. परीक्षेच्या आपल्या ऑनलाइन खात्यात जाऊन एकदाच मागायचं. मला हे मार्चच्या आधीही ठाऊक होतं. टीममध्ये विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, "तुला कशाला? फाडफाड बोलतेस की!" मी पण हसून "हो ना" म्हटलं. तो "हो ना" परीक्षेच्या फीला, म्हणजे दीडशे डॉलरना पडला, वर टॅक्स.

लाज कसली वाटली, अजून कळत नाही. जपानी माणूस हाच पेपर जपानीत देतो, कोरियन कोरियनमध्ये. मराठीत तो नाही, म्हणून आपल्याला अर्धा तास. याला सवलत म्हणतच नाही मी.

या वेळी सेंटरवर तेच सगळं. चष्मा काढून उलटसुलट पाहिला, बाह्या वर करायला लावल्या, खिसे बाहेर काढायला लावले. माझ्या कुर्त्याला खिसा आहे हे मला तिथेच कळलं. आत बसचं चुरगळलेलं तिकीट. "ताई, हेपण लॉकरमध्ये." आत गेले तर स्क्रीनच्या कोपऱ्यात १६०. खांदेच सैल झाले. संपवलं तेव्हा चौदा मिनिटं उरली होती, म्हणजे जादातली सोळाच लागली.

भाचा पुढच्या महिन्यात बसतोय. काल फोन केला तर म्हणतो, "मावशी, तारीख परवाच बुक केली." हे बुकिंगच्या आधी मागावं लागतं! आता ती रद्द करायची, मग अर्ज, मग परत बुकिंग. चोवीस तास आधीपर्यंत रद्द करता येते. त्याचं आपलं "बघतो, बघतो" चाललंय.