पानाखाली दाणे दिसले, एवढ्यावरून भुईआवळी ठरत नाही

पावसाने जोर धरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की, खळ्यात किंवा माडाच्या आळ्यात आपोआप उगवलेले, चिंचेसारख्या पानांचे आणि पानांखाली दाण्यांची रांग असलेले इवलेसे रोप म्हणजे भुईआवळीच होय. ते आवळ्याचेच रोप आहे, फोटो काढून रोपे ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला की खात्री पटते, आणि कावीळ झाल्यास ते मुळासकट वाटून प्यावे.

दाण्यांची खूण खोटी नाही, अपुरी आहे. चिंचेसारखे जे संयुक्त पान भासते ती वस्तुतः एक नाजूक डहाळी असते आणि तिच्यावरची प्रत्येक टिकली हे स्वतंत्र पान असते. फुले-फळे पानांच्या बगलेत धरतात, म्हणून ते दाणे रांगेने दिसतात. चिंचेच्या किंवा लाजाळूच्या पर्णिकांच्या बगलेत फळ कधीच धरत नाही. मात्र या खुणेने आपण फक्त फायलॅन्थस या प्रजातीपर्यंत पोहोचतो आणि तिच्यात दिसायला सारख्या अशा अनेक जाती आहेत. भुईआवळी म्हणून सहसा ओळखल्या जाणाऱ्या फायलॅन्थस अमारसचे फळ गुळगुळीत असून स्पष्ट देठावर लोंबते व फुलाला बहुधा पाच दले असतात. फायलॅन्थस युरिनारियाचे फळ जवळजवळ बिनदेठाचे व खरबरीत, दले सहा आणि खोड पुष्कळदा तांबूस असते. फळच मुळी दोन-तीन मिलिमीटरचे, त्यामुळे दहापट भिंगाशिवाय हा निवाडा करू नये. खुद्द अभ्यासकांनीही भारतातल्या या रोपांना दीर्घकाळ फायलॅन्थस निरुरी म्हटले. त्या एका नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जाती एकत्र झाल्या होत्या, हे 1985 मध्ये दाखवून देण्यात आले.

ते आवळ्याचेच रोप आहे, या संदेशातल्या दुसऱ्या विधानात एवढेच खरे की आवळा याच प्रजातीतला आहे. आवळ्याचा वृक्ष होतो. हे तण मात्र काही महिन्यांत फळून वाळते आणि त्याचे सुके फळ तडकून बी उडते.

अ‍ॅपचा दोष कमी, फोटो काढणाऱ्याचा अधिक. फोटो वरून काढला जातो आणि खूण असते खाली. डहाळी उलटी करून, फळाचा देठ दिसेल असा जवळून फोटो घेतल्यास अ‍ॅपचे उत्तर निदान तपासून पाहण्याजोगे होते. तरीही फुलाफळांसह उपटलेले रोप महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवणे केव्हाही चांगले.

काविळीचा सल्ला मात्र सरळ धोक्याचा आहे. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय रसाला मिळते. पण भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केलेल्या माणसाला ताप, अंगदुखी आणि पिवळे डोळे अशी लक्षणे दिसली, तर तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा आजार, असू शकतो. त्यावर प्रतिजैविके लवकर सुरू व्हावी लागतात. रोपाची ओळख अचूक ठरली तरी त्याच्या रसाने ते काम होत नाही.