कुंपण हवे ते दोन्ही बाजूंनी

एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांची वैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी की नाही, यावरून २०२५ साली महाराष्ट्रात डॉक्टरांनी संप केला. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात तो वाद केव्हाच आयुर्वेदावर घसरला. एक पक्ष म्हणतो, हजारो वर्षांचे ज्ञान हिणवू नका. दुसऱ्याच्या मते हे सगळे थोतांड. मी सिंगापूरहून काही लिहिले, की ‘तू तिकडचा, तुला इथले काय कळणार,’ असे उत्तर येते आणि ते मला झोंबते.

इथल्या तोआ पायोह वस्तीतल्या ज्या इमारतीखाली मी आखडलेल्या खांद्यासाठी जातो, तिथल्या सिनसेबाई, म्हणजे चिनी वैद्य, आधी जीभ पाहतात, मग दोन्ही मनगटांची नाडी. नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक सुई टोचून त्या ती हलकेच फिरवत राहतात आणि तेवढ्यात मला हात वर न्यायला सांगतात. पोटरीत जडपणा भरतो आणि हात कालच्यापेक्षा थोडा वर जातो. सिंगापूरने २००० साली केलेल्या कायद्याखाली त्यांची नोंदणी आहे. ॲलोपॅथीची वेदनाशामके त्यांना लिहून देता येत नाहीत, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरलाही ॲक्युपंक्चरची वेगळी नोंदणी केल्याखेरीज सुई टोचता येत नाही. आपल्याकडे आयुर्वेदाची पदवी घेतलेले कितीतरी जण दिवसभर ॲलोपॅथीच लिहितात, आणि परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या पक्षाला त्यात परंपरेचा अपमान दिसत नाही.

थोतांड म्हणणाऱ्यांनी ॲक्युपंक्चरची जर्मनीतली चाचणी पाहावी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी २७ टक्के रुग्णांना आराम पडला. यावरून ठराविक बिंदूंवरच सुई टोचण्याचे शास्त्र सिद्ध झाले नाही हे मला मान्य आहे. पण माणसांचे दुखणे कमी झाले, हेही नाकारता येत नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजय कुमार बसू पुढे तिथे ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात घेऊन आले. महाराष्ट्राने २०१५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. म्हणजे मनात आणले तर आपल्याला जमते. चिनी उपचारावर मी निर्धास्त विसंबतो, कारण त्यात माझी अस्मिता गुंतलेली नाही. महानारायण तेलाचा विषय निघाला, की मी त्याचा वकील तरी होतो किंवा फिर्यादी तरी, आणि इतकी वर्षे बाहेर राहूनही ते सुटलेले नाही.

सांधेदुखी झटपट पळवणाऱ्या ‘वनौषधी’ गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडल्याचे इशारे सिंगापूरचे आरोग्यविज्ञान प्राधिकरण वारंवार देते. माझी आई गावी गुडघ्यांसाठी कुणाकडून तरी पुड्या आणते आणि त्यांनी तिला दोन दिवसांत बरे वाटते. त्यांत काय आहे असे मी फोनवर विचारतो, तर ती म्हणते, “अरे, पुडीवर कुठे नावं असतात?”