स्टुडंट सिस्टर म्हणजे फुकटचे हात नव्हेत

नर्सिंगचे प्रवेश सुरू झाले की ओळखीतले पालक हमखास विचारतात, "सिस्टर, मुलीला पालिकेचं हॉस्पिटल बरं की प्रायव्हेट?" मुंबईत पालिकेचं केईएम, सायन, नायर मिळालं की हात बसतो, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. बसतोच. मेडिसिन वॉर्डात खाटा संपून जमिनीवर गाद्या पडलेल्या असतात. बीपी, सलाईन, सक्शन म्हणजे घशातला कफ ओढून काढणं, सगळं हाताखालून जातं. पण पहिल्या वर्षाच्या पोरीने भराभर सगळ्यांचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, लिहिला, त्यात एकाचा श्वास मिनिटाला 32, म्हणजे फारच जोरात, तोही तसाच चार्टवर उतरवून पुढच्या खाटेकडे गेली, तर शिकली काय? "थांब, याला परत बघू" म्हणणारं कुणी शेजारी नको? वॉर्डातली सिस्टर तेव्हा नवी अ‍ॅडमिशन घेत असते. तिला तरी काय बोलणार!

कॉर्पोरेट हॉस्पिटलात पोरींची तक्रार वेगळी: "पेशंटला हातच लावू देत नाहीत." रास्त आहे. नुसतं बघून कॅन्युला, म्हणजे सलाईनची नळी, लावता येत नाही. तरी पोटॅशियम क्लोराईडसारखं, डोस चुकला तर जिवावर बेतणारं औषध देण्याआधी दोन सिस्टर मिळून डोस तपासतात, दोघी सह्या करतात, हे पहिल्या वर्षी निवांत बघायला मिळावंच. गर्दीचा वॉर्ड तिसऱ्या वर्षाला द्या ना! पण पोस्टिंग लावताना, म्हणजे कुठल्या पोरी कुठे पाठवायच्या हे ठरवताना, माणसं कुठे कमी पडतात तेच आधी बघतात.

कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे वस्तीत घरोघरी जायच्या ड्युटीला, 'आरामाची ड्युटी' म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो. डिस्चार्जच्या वेळी "इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा" असं आपण पाठ केल्यासारखं सांगतो. धारावीत होम व्हिजिटला गेलं की कळतं, आजींच्या खोलीत फ्रिजच नाही. मग मडकं शोधा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा, बाटली पिशवीत बांधून आत ठेवा, आणि हे सुनेलाही नीट समजावा. आरोग्यशिक्षण म्हणतात ते हेच, आणि ते कॉलेजच्या लॅबमधल्या पुतळ्यावर शिकता येत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात एका विद्यार्थ्यामागे 3 पेशंट, 10 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक. कागदावर जुळतं. दुपारच्या शिफ्टला शिकवणाऱ्या मॅडम नसतात, आणि याच पोरी रक्त-लघवीचे सॅम्पल घेऊन हॉस्पिटलच्या लॅबच्या फेऱ्या मारतात. प्रत्येक शिफ्टला एका सीनियर सिस्टरकडे निम्मेच पेशंट द्या, आणि शिकवणं हे तिचं काम म्हणून ड्युटी लिस्टवर लिहा. त्यासाठी रिकाम्या जागा भराव्या लागतील, आणि घोडं तिथेच तर अडतंय.