माशी बसली नाही म्हणून बांगडा विषारी ठरत नाही

नारळीपौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या आणि दरवर्षीचा तो मेसेजही फिरायला लागला. मला तो चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या नात्यातल्यांचा. मजकूर थोडक्यात असा: "कोकणातली मासळी खाऊ नका. सगळे मासे फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे प्रेतं टिकवायच्या औषधात, बुडवून विकतात. खूण म्हणजे माशी बसत नाही आणि मासा ताठ असतो. बोंबलात तर लॅबमध्येसुद्धा सापडलंय. बर्फ हा नुसता देखावा. खायचेच असतील तर मीठ-लिंबाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, सगळं विष निघून जातं. मासेवाल्यांवर विश्वास ठेवू नका."

माझी आई तीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकतेय आणि मी रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसणं मला जमत नाही.

"सगळे मासे फॉर्मेलिनमध्ये." फॉर्मेलिन माशांना लावलं जातच नाही, असं मी म्हणणार नाही. जून २०१८ मध्ये केरळच्या अन्नसुरक्षा विभागाने परराज्यांतून आलेली हजारो किलो मासळी फॉर्मेलिन सापडलं म्हणून पकडली. पुढच्याच महिन्यात गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारात ट्रकमधल्या मासळीची तिथल्या तिथे चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. नंतर प्रयोगशाळेने प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं, त्यावर लोकांचा विश्वास बसला नाही आणि सरकारला बाहेरची मासळी काही दिवस बंद करावी लागली. त्या वर्षअखेरीस गोव्याने नियम कडक केले, तेव्हा सिंधुदुर्गातल्या गाड्याही सीमेवरून परत आल्या. आपल्या लोकांनी त्याची झळ सोसली आहे, म्हणून मी हा विषय हलक्यात घेत नाही.

पण दोन्ही ठिकाणी माल दूरवरून ट्रकने आलेला होता, आणि महिने होते जून-जुलै. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते. म्हणजे दीड महिना आपल्या ट्रॉलर बंदरात उभ्या असतात आणि तिकडची मासळी इकडच्या बाजारात यायला मोकळी असते. हजार-दीड हजार किलोमीटरचा रस्ता, कमी बर्फ आणि वर भाव चढलेला. औषध मारायचा मोह होतो तो अशा प्रवासात. पहाटे मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर आलेल्या होडीतला बांगडा नऊ वाजता आईच्या पाटीत असतो आणि दुपारी कोणाच्या तरी आमटीत. त्याला टिकवायला कोण कशाला पैसे घालील? तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढली जात असताना, "कोकणातली मासळी खाऊ नका" म्हणणं म्हणजे परक्या ट्रकचा गुन्हा इथल्या पाटीवर टाकणं आहे. जुलैत मात्र जरूर विचारा, की हा मासा आला कुठून. पावसाळ्यात खाडीतली आणि बिगरयांत्रिकी होडीची थोडी मासळी मिळते, पण त्या दिवसांत मोठ्या सुरमयांची रास दिसली तर ती इथली ताजी असण्याची शक्यता फार कमी.

"माशी बसत नाही." माशी उबदार, ओल्या आणि कुजायला लागलेल्या गोष्टीकडे धावते. सकाळचा वारा असेल, मासा बर्फातून नुकताच काढलेला असेल, तर माश्या कमीच दिसतात. ऊन चढल्यावर त्याच पाटीवर घोंघावतात. आई दिवसभर हातात फडकं घेऊन त्या हाकलते, तेही संशयाचं कारण धरायचं का? शिवाय या खुणेचा उलटा परिणाम बघा. माश्या बसलेला मासा "शुद्ध" म्हणून निवडला जाणार आणि झाकून, थंड ठेवलेला मासा "विषारी" म्हणून नाकारला जाणार. स्वच्छतेने धंदा करणाऱ्या बाईला शिक्षा देणारी ही खूण आहे.

"मासा ताठ असतो." ताजा मासा ताठच असतो. मेल्यावर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात आणि बर्फात ठेवला तर तो ताठपणा जास्त वेळ टिकतो. बांगडा डोक्याकडून धरला आणि शेपूट खाली लोंबली नाही, तर आमच्याकडे तो उत्तम मानतात. आमच्या आज्या याच खुणेवर मासे घेत आल्या. फॉर्मेलिननेही मांस कडक होतं हे खरं, कारण ते प्रथिनांना एकमेकांत अडकवून टाकतं. पण तो कडकपणा वेगळा असतो. मांस रबरासारखं लागतं आणि माशाचा नेहमीचा दर्याचा वास जाऊन नाकाला झोंबणारा वास येतो. म्हणून एकट्या ताठपणावर जाऊ नका. कल्ले उघडून लाल आहेत का बघा, डोळे फुगीर आणि स्वच्छ आहेत का बघा, बोटाने दाबल्यावर खळगा भरून येतो का बघा, आणि वास घ्या. अंग ताठ पण डोळे आत गेलेले, कल्ले फिकट आणि माशाला माशाचाच वास नाही, असं सगळं एकत्र दिसलं तर तो मासा घेऊ नका.

"बोंबलात तर लॅबमध्येसुद्धा सापडलंय." इथे जरा थांबावं लागेल, कारण यातली माहिती खरी आहे आणि काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, खाऱ्या पाण्यात जगायला त्यांना तो लागतो. मासा मेल्यावर काही जातींमध्ये त्याचे तुकडे होतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉर्मेलिनमधलंच रसायन, आपोआप तयार होतं. बोंबील या बाबतीत अग्रेसर आहे. कोणी एक थेंब न घालता, होडीतून थेट आणलेल्या बोंबलातही ते सापडतं आणि ठेवून दिला तर वाढतं. म्हणूनच "फॉर्मल्डिहाइड सापडलं" एवढ्यावर भेसळ सिद्ध होत नाही. कुठली जात, किती प्रमाण आणि मासा किती दिवसांचा, हे कळल्याशिवाय तो आकडा काही सांगत नाही. फॉर्मेलिन म्हणजे याच वायूचं पाण्यातलं साधारण ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण. ते अन्नात घालायला आपल्या कायद्याने परवानगी नाही आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. धोका खरा आहे, म्हणूनच तपासणी नीट हवी. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये कागदी पट्टीची साधी चाचणी आणली. माशावर पट्टी घासायची, वर द्रावणाचा थेंब टाकायचा, रसायन असेल तर काही मिनिटांत रंग बदलतो. एक पट्टी फॉर्मेलिनसाठी, दुसरी अमोनियासाठी. ही पहिली चाळणी झाली, शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. प्रत्येक मासळी बाजारात नगरपरिषदेने अशा पट्ट्या ठेवाव्यात, अशी मागणी मेसेज पाठवणाऱ्यांनी केली, तर मी सही करायला पहिली येईन.

"बर्फ हा नुसता देखावा." या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. बांगडा, कुपा (ट्यूना) असले मासे उन्हात, बर्फाविना राहिले तर त्यांच्यात जिवाणू वाढतात आणि हिस्टामिन तयार होतं. ते खाल्लं की तोंड लालबुंद होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात. लोक म्हणतात, "औषध मारलेला मासा होता." प्रत्यक्षात बर्फ कमी पडलेला असतो. आणि हे हिस्टामिन कितीही उकळलं, कितीही कडक तळलं, तरी जात नाही. आपल्या हवेत किलोभर माशाला किलोभर बर्फ लागतो. बर्फाची लादी विकत घ्यावी लागते, ती दुपारपर्यंत वितळून जाते, आणि तो खर्च पाटी घेऊन बसणारी बाई तिच्या कमाईतून करते. माझ्या आईने स्वतःला चहा नाकारून बर्फ घेतलेला मी पाहिला आहे. गिऱ्हाईकाने खरंच भांडायचं तर इथे भांडावं: बर्फ का नाही?

मीठ-लिंबाच्या पाण्याबद्दल थोडक्यात. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळतं, त्यामुळे धुतल्यावर आणि शिजवल्यावर सुटं असलेलं काही प्रमाणात कमी होतं. मांसाच्या प्रथिनांना चिकटलेलं तिथेच राहतं. संशयाचा मासा लिंबू लावून पोरांना वाढू नका, परत करा. आगळ (कोकमाचा रस) आणि लिंबू वास मारायला आणि चवीला आहेत.

आता शेवटचं, "मासेवाल्यांवर विश्वास ठेवू नका." फसवणूक बाजारात होते. कालचे चार बांगडे आजच्या वाट्यात मिसळतात, हे मी नाकारणार नाही. हॉटेलात कातडी काढलेला पांढरा तुकडा ताटात आला तर तो कुठल्या माशाचा हे मलाही ओळखता येत नाही, आणि व्हिएतनामहून गोठवून येणारा बासा असाच पांढरा आणि बिनवासाचा असतो. म्हणून शक्यतो अख्खा मासा घ्या आणि समोर कापून घ्या. कायदाही तुमच्या बाजूला आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे कोणीही ग्राहक, घेतानाच विक्रेत्याला तशी कल्पना देऊन, घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. समुद्रात जाणारा मच्छीमार या कायद्याच्या बाहेर आहे, पण बाजारात बसून विकणाऱ्याला नोंदणी लागते. ती आहे का, विचारा. तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे करा, बाजाराचं नाव आणि तारीख घालून. या मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. बाजार कुठला, दिवस कुठला, चाचणी कोणी केली, कशाचाच पत्ता नाही.

गेल्या आठवड्यात मी आईच्या शेजारी बसले होते. वीस वर्षांपासून येणाऱ्या एका बाईंनी पाटीपुढे मोबाइल धरला आणि विचारलं, "काय गो, तूपण औषध मारतंस?" आईने मेसेज वाचला नाही, तिला तेवढं वाचता येत नाही. तिने पाटीतले बांगडे दोन बाजूंना केले आणि म्हणाली, "वैनी, ह्ये आजचे, ह्ये कालचे. कालचे आमटेक घेव नको, तळूक चलतले. दर अर्धो." बाईंनी कल्ले उघडून बघितले, आजचे सहा घेतले. कालचे राहिले, ते संध्याकाळी आमच्या घरी तळले.