सहनशीलतेचे हार पुरे झाले

आज सकाळी एका ग्रुपवर, खोट्या आरोपात कोठडी भोगून निर्दोष सुटलेल्या जपानच्या सरकारी अधिकारी अत्सुको मुराकी यांच्याविषयीचा मजकूर आला आणि त्याखाली समस्त पुरुषमंडळींनी 'केवढी ही सहनशीलता!' म्हणून हात जोडले, तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

१९७८ साली मुराकीबाई कामगार मंत्रालयात अधिकारी म्हणून रुजू झाल्या, तेव्हा बाई म्हणून सहकाऱ्यांना चहा देण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले. मला आमच्या कार्यालयातली एक बैठक आठवली. टिपणी मी तयार केलेली, आणि चर्चेला तोंड फुटते न फुटते तोच साहेब म्हणाले, "मॅडम, तेवढं चहाचं बघता का?" मी परत येईपर्यंत माझ्या टिपणीतले दोन परिच्छेद बदललेही गेले होते.

जून २००९ मध्ये, अपंगांची म्हणवणाऱ्या एका संस्थेला टपाल सवलतीसाठी खोटे प्रमाणपत्र द्यायला लावल्याच्या आरोपावरून मुराकीबाईंना अटक झाली. १६४ दिवस त्या कोठडीत होत्या आणि त्या दिवसांत त्यांनी नुसते सोसले नाही, खटल्याचे कागद वाचले. प्रमाणपत्राची संगणकावरची फाइल शेवटची १ जून २००४ रोजी बदलली गेली, अशी नोंद सरकार पक्षाच्याच अहवालात होती, आणि मुराकीबाईंनी हुकूम त्यानंतर, जूनमध्ये दिला, या सरकारी वकिलांच्या कथेत ती तारीख बसत नव्हती, हे त्यांनी हेरले. सप्टेंबर २०१० मध्ये त्या निर्दोष सुटल्या. त्यानंतर उघडकीस आले की, एका सरकारी वकिलाने ती फाइल असलेल्या फ्लॉपीवरची तारीख ८ जून करून ठेवली होती. तुरुंगात शेवटी तो गेला.

याला सहनशीलता म्हणायचे? ही फायलींत मुरलेल्या अधिकाऱ्याची नजर आहे, आणि नेमकी तशीच माझी नजर आमच्या साहेबांनी चहाच्या कपांकडे वळवली होती.

२०१३ मध्ये त्या आरोग्य, कामगार व कल्याण मंत्रालयाच्या सर्वोच्च प्रशासकीय पदावर, आपल्याकडच्या सचिवाच्या तोडीच्या जागी, पोहोचल्या. निवृत्तीनंतर इतोचू आणि सुमितोमो केमिकल या बड्या जपानी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बाहेरच्या संचालक म्हणून गेल्या. निवृत्त अधिकाऱ्यांना अशा खुर्च्या मिळतातच, हे मान्य. पण पुरुषाला ती मिळाली की त्याच्या सोशिकपणावर कोणी लिहीत नाही.

सरकारकडून मिळालेली नुकसानभरपाई मुराकीबाईंनी, गुन्ह्यांच्या प्रकरणांत अडकलेल्या अपंगांना आधार देणाऱ्या निधीला दिली. आता यालाही कोणी 'मोठे मन' म्हणेल. मला मात्र त्यात, व्यवस्था कोणाला वाऱ्यावर सोडते हे आतून पाहून आलेली आणि त्यावर लगेच कामाला लागलेली कल्याण खात्याची अधिकारी दिसते.